वाळल्या तळहाताचा वास

जेवताना कुणी "कसं लागलं?" असं विचारलं की माझं डोकं अजून फिरतं. घरातली पोरंसोरं म्हणतात, म्हातारा तऱ्हेवाईक आहे. असेन. पण मी त्यांनाच उलट विचारतो, तुम्ही सांगा की कसं लागलं. तर उत्तर एकच, "चांगलं." आंबा चांगला, वरण चांगलं, ताक चांगलं. अरे, जिभा काय नुसत्या गिळायला दिल्यात का तुम्हाला? मग बायको डोळ्यांनी दटावते आणि मी पुढचा घास घेतो. तिला वाटतं मी जेवणावर चिडलोय. मी चिडलोय ते वेगळ्याच गोष्टीवर, आणि त्या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली.

मोगलाईतली गोष्ट. निजामाच्या राज्याला आमच्या बीडकडे सगळे मोगलाईच म्हणत. मी एका तालुक्याच्या गावी आबकारीच्या कचेरीत कारकून होतो. आबकारी म्हणजे दारूचं खातं. आणि माझ्या गळ्यात तुळशीची माळ! वडिलांनी सातव्या वर्षी घातलेली. दारूचा थेंब सोडा, दारूच्या दुकानावरून जायची वेळ आली तर मी उपरण्याचं टोक नाकाला लावून जायचो. अशा माणसाला सरकारनं दारूच्या खात्यात नेऊन बसवला, कारण मला उर्दू लिहिता यायची आणि अक्षर वळणदार होतं. कचेरीचं सगळं काम उर्दूत चालायचं.

उर्दू मी एका मौलवीसाहेबांकडे शिकलो. माणूस देवासारखा, पण त्यांनी शिकवली ती सगळी गझलांवरून. त्यामुळे झालं काय, बैलाच्या चोरीचा साधा जबाब लिहायचा म्हटला तर मला घाम फुटायचा, पण गुलाब, बुलबुल, प्याला आणि साकी यांच्यावर सांगाल तेवढी पानं भरून दिली असती. दारूवरचे शेकड्यांनी शेर तोंडपाठ, आणि दारू आयुष्यात हुंगलेली नाही! पण तेव्हा मला त्यात काही हसण्यासारखं दिसत नव्हतं. उलट मी स्वतःला फार शहाणा समजत होतो.

गावाबाहेर ओढ्याच्या काठाला मोहाच्या दारूची भट्टी होती. परवान्याची, सरकारमान्य. मोहाची वाळली फुलं लांबून पोत्यांनी यायची. भट्टी चालवणारा एक म्हातारा होता, मूळचा तलवाड्याकडचा, पण हयात इथेच गेलेली. त्याच्याजवळ शेत नाही, गुरं नाहीत, दुसरी कुठलीही कला नाही. त्याच्याजवळ होतं ते नाक. माणूस काळा, किडकिडीत, कानाच्या पाळ्यांवर केस, आणि बोलताना मधेच थांबून वारं हुंगायचा. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला मुनशी म्हणायचा. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला त्याच्या परवान्याची मुदत भरायची. मग मी भट्टीवर जायचो, एक बाटली भरून लाख लावून मोहोरबंद करायचो, सोबतच्या कागदावर "ठीक" असा एक शब्द लिहायचो, आणि बाटली आणि कागद वर जायचे. झाला परवाना नवा. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

मग नवे मोहतमीम आले. मोहतमीम म्हणजे आबकारीचे जिल्ह्याचे मोठे साहेब. पाच वेळा नमाज पढणारे, दारूला न शिवणारे, आणि सरळ माणूस, हे मी आजही म्हणतो. त्यांनी हुकूम काढला की यापुढे "ठीक" चालणार नाही. दारूचा रंग, वास आणि चव नीट शब्दांत लिहा. कारण भट्टीवाले नमुन्याला चांगली दारू देतात आणि लोकांना कसलंही पाणी मारलेलं पाजतात, असा त्यांचा संशय होता. आता कारकुनानं भट्टीवर जाऊन दारू चाखायची आणि चाखलं ते लिहायचं. वर साहेब स्वतः बाटली उघडणार, आणि कागद आणि बाटली जुळले नाहीत तर परवाना रद्द. कागदाच्या तळाला उर्दूत एक ओळच होती, "स्वतः चाखून लिहिले", आणि तिच्याखाली सही.

माळकरी माणसाला चाखून लिहायला सांगतात! मी वरिष्ठ कारकुनाकडे कुरकुर केली, तर ते म्हणाले, "नोकरी सोडता का मग?" नोकरी कोण सोडतो? मी कोरा कागद घडी करून खिशात घातला आणि भट्टीवर गेलो.

म्हातारा सकाळपासून तयार होऊन बसला होता. त्या दिवशी त्यानं तंबाखू तोंडात टाकली नव्हती, मिरची खाल्ली नव्हती, नुसती कोरी भाकरी खाल्ली होती. ही त्याची जुनी रीत. दारू पारखायची त्या दिवशी तोंड आणि हात दोन्ही कोरे पाहिजेत, असं म्हणायचा. आणि गंमत म्हणजे तो स्वतः पीत नव्हता. थेंब जिभेवर घ्यायचा आणि थुंकून टाकायचा. मी सांगितलं, "मामा, मला काही चाखता यायचं नाही, माळ आहे."

"मग चाखू नका की," तो म्हणाला. "कोन म्हनलं पिवा म्हनून? हात म्होरं करा. हातावर चार थेंब टाकतो. दोनी तळवे चोळा आन् तीनदा हुंगा. एकदा वले असताना, एकदा निम्मे वाळल्यावर, आन् एकदा पार वाळल्यावर. समदं कळतंय बगा. चव बी नाकातूनच कळती."

त्यानं स्वतःच्या तळव्यांवर थेंब घेतले आणि चोळून दाखवले. डोळे मिटून एकेक सांगत गेला. "वला हात हाय तवर नुसता झणका. त्याच्यावर जाऊ नका, समद्या दारवांना झणका असतो. आता निम्मा वाळला... आता बगा, भिजल्या खारकंचा वास आला. त्याच्या मागं गुळाच्या ढेपंला पाणी सुटल्यावर येतो तसला." मग तो बराच वेळ हात उन्हात धरून बसला. मी घड्याळाकडे बघत होतो. "आन् हा वाळला. हा खरा. चुलीवर दूध खाली लागायला होतं न्हाई का? करपलं न्हाई अजून, नुसतं लागाय लागलं. तसला हाय. आन् लांबून जरासा बाभळीचा धूर. पाणी मारलेल्या दारूचा हात वाळला की कायबी ऱ्हात न्हाई, कोरा होतो. ह्यो वास ऱ्हातो. आन् चव लिवायची तर लिवा, जिभंच्या शेंड्याला गोड, कडंला कच्च्या जांभळावाणी तुरट, आन् नरड्यात जाळ न्हाई, ऊब."

"हां, हां," मी म्हणालो.

"तुमी हात करा म्होरं."

मी दोन पावलं मागं सरलो. हो, सरलो. हाताला दारू लागली तर माळ विटाळते असं मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं होतं. म्हातारा हसला. त्यानं माझ्यासमोर त्याच भांड्यातून नमुन्याची बाटली भरली, मी लाख लावली. मग त्यानं एक लहान कुपी भरली, तिलाही बूच आणि लाख लावली आणि माझ्या हातात दिली. "एकाच भांड्यातली हाय. घरी निवांत बसा, मनाला वाटंल तवा हात करा म्होरं. मग लिवा." ती कुपी मी घेतली ती नाही म्हणायची लाज वाटली म्हणून. घरी आल्यावर फडताळात, जुन्या पोथ्यांच्या मागं ढकलून दिली.

संध्याकाळच्या आत कागद लिहायचा होता. आता ऐका माझा शहाणपणा. म्हाताऱ्याचे शब्द माझ्या कानात जसेच्या तसे होते. ते उर्दूत घालायचे म्हणून मी बसलो. भिजलेली खारीक. ढेपेला सुटलेलं पाणी. लागायला आलेलं दूध. सरकारी कागदावर? मोठ्या साहेबापुढं? छे! मला वाटलं, हे वाचून साहेब म्हणेल, कारकून आहे की सैपाकी? त्यात बायको आत चुलीपाशी शेजारणीशी बोलत होती, हिचं तेल खवट लागतं, तिच्या रांजणाचं पाणी मचूळ आहे, परवाची डाळ कुबटली होती. हे असले शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेलो. ते बायकांचे, चुलीचे, गोठ्याचे. कागदावर लिहायचे शब्द वेगळे असतात, अशी माझी पक्की समजूत. एक ओळ खोडली, दुसरी खोडली, वैताग आला. मग बसल्या बसल्या मौलवीसाहेबांच्या सगळ्या गझला हात जोडून उभ्या राहिल्या.

मी लिहिलं, रंग शफ्फाफ, म्हणजे स्फटिकासारखा. वास मानिंद-ए-गुलाब, म्हणजे गुलाबासारखा. चव शीरीं आणि लतीफ, म्हणजे गोड आणि नाजूक. तीन ओळी अशा झोकात उतरल्या की मी दोनदा मोठ्यानं वाचल्या. मला वाटलं, म्हाताऱ्याचं कल्याण केलं. इतकी तारीफ त्याच्या दारूची आजवर कुणी केली असेल? "स्वतः चाखून लिहिले" या ओळीखाली मी सही ठोकली आणि कागद बाटलीबरोबर पाठवून दिला.

दीड महिन्यानं मोहतमीमसाहेब स्वतः आले. कचेरीच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले, समोर तिपाईवर आमची बाटली, उघडलेली, आणि हातात माझा कागद. भट्टीवाल्याला बोलावणं गेलं. तो धुतलेलं धोतर नेसून आला. त्याला वाटलं होतं, परवाना द्यायला साहेब आलेत.

साहेबांनी बाटली नाकाशी धरली. मग मला म्हणाले, "मुंशी, इस में गुलाब कहाँ है?"

मी वाकून त्यांच्या हातातल्या कागदावरची माझीच ओळ वाचू लागलो.

"मैं पीता नहीं, सिर्फ सूँघता हूँ," ते म्हणाले. "इस में लकड़ी का धुआँ है, गुड़ है, और कुछ है जो मैं पहचानता नहीं. गुलाब नहीं है. तुम ने चखकर लिखा है. तो जो तुम ने चखी वो दूसरी थी, और बोतल में ये भरी गई. या फिर तुम ने चखी ही नहीं."

गूळ! धूर! त्या माणसाला सगळं कळत होतं हो. म्हाताऱ्याचे शब्द मी जसेच्या तसे लिहिले असते तर ते "कुछ है" तेवढं त्यांना मिळालं असतं, ते दूध, आणि त्यांनी खूश होऊन मान डोलावली असती. आणि मी सैपाकी दिसेन म्हणून घाबरलो होतो!

म्हाताऱ्याला उर्दू वाचता येत नव्हती, पण दखनी कळत होती. गुलाब ऐकल्यावर तो माझ्याकडे बघायला लागला. रागानं नाही. न कळल्यासारखा. मग पुढं झाला आणि म्हणाला, "मुनशी, हात म्होरं करा. साहेबाम्होरं करा. चोळा आन् सांगा साहेबाला, हीच हाय म्हनून. तुमच्या म्होरं भरली मी." आणि त्यानं बाटलीतले थेंब ओतायला स्वतःचा हात ओंजळीसारखा करून दाखवला.

साहेबांनी विचारलं, "ये वही है?"

मला दोन वाटा होत्या. हीच ती, असं म्हणालो तर गुलाबाची ओळ खोटी ठरते आणि तिच्याखालची माझी सहीही खोटी ठरते. नोकरी जाते, वर खोट्या सहीची सजा. ही ती नव्हे, असं म्हणालो तर माझा कागद खरा आणि त्याची बाटली खोटी. शिवाय तिसरी गोष्ट घरी फडताळात होती. ती कुपी आणून ठेवली असती तर दोन्हींचा वास एक आहे हे साहेबांनी एका दमात ओळखलं असतं. पण आबकारीच्या कारकुनाच्या घरी चोरून ठेवलेली दारू? माझ्या डोक्यात हे सगळं एका क्षणात येऊन गेलं, आणि मी म्हणालो, "जी नहीं, हुजूर. वो दूसरी थी."

इतकं सोपं होतं. काही अडखळलो नाही की काही नाही. उर्दू माझी चांगलीच होती.

परवाना रद्द झाला. दोन दिवसांनी शिपाई जाऊन भट्टी फोडून आले. मातीची मडकी फोडली, तांब्याचं भांडं जप्त करून कचेरीत आणलं, आणि त्याची नोंद मलाच करावी लागली. म्हातारा कचेरीच्या दारात उभा होता. मी बाहेर आलो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मुनशी, मी सांगितलतं ते कावून न्हाई लिवलं?"

मी म्हणालो, "उर्दूत तसले शब्द नसतात, मामा."

साफ खोटं. दुधाला शब्द नसलेली भाषा असते का कुठं? पण त्यानं खरं मानलं. मान हलवली, जणू काही त्या भाषेचीच त्याला कीव आली, आणि ओढ्याच्या बाजूला निघून गेला.

पुढं तो लाकडं फोडून विकू लागला. केजच्या बाजारात बसायचा, आणि आमच्या गावात दारोदारही फिरायचा. त्या वयाला, ते हात घेऊन! दर आठ-पंधरा दिवसांनी आमच्या दारी बाभळीची मोळी टाकायचा. त्याचा आवाज आला की मी आतल्या खोलीत जायचो आणि बायकोला पुढं करायचो. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती त्याच्या लाकडांचं कौतुक करायची, "त्या म्हाताऱ्याची लाकडं घ्यावीत, हुंगून हुंगून वाळकी तेवढीच आणतो, धूर म्हणून नाही." मी हं म्हणायचो. नंतर एका वर्षी त्याचं येणं थांबलं. कुणीतरी सांगितलं, गेला. मी त्या दिवशीही कचेरीत गेलो आणि जेवलोही पोटभर, खोटं कशाला सांगू?

नोकरी पुरी झाली, निजाम गेला, पेन्शन आली. गेल्या महिन्यात पोथ्यांना वाळवी लागली म्हणून फडताळ रिकामं करायला घेतलं, आणि मागच्या कोपऱ्यात ती कुपी हाताला लागली. लाख तशीच. आतलं थोडं आटलं होतं, पण होतं. घरात सगळी शेतावर गेलेली. बायको तेवढी मागल्या दारी ज्वारी निवडत बसली होती.

मी ओसरीवर उन्हात बसलो. लाख फोडली, बूच काढलं. गळ्यात माळ होती, ती काढली नाही. डाव्या तळहातावर चार थेंब घेतले. चोळले, नाकाशी नेले. झणका. नुसता झणका, डोळ्यांत पाणी आलं. थांबलो. निम्मे वाळले तेव्हा पुन्हा हुंगले. खारीक. देवाशपथ सांगतो, भिजलेली खारीक, आणि तिच्या मागं ढेपेला सुटलेलं पाणी. एक शब्द इकडचा तिकडे नाही. माझा मलाच संताप आला. चाळीस वर्षं मनाच्या कोपऱ्यात मी एक आशा धरून बसलो होतो की म्हातारा वाढवून सांगत असेल, भट्टीवाले बोलतातच, म्हणजे माझं खोटं तेवढंच हलकं. ती आशा गेली.

तिसऱ्यांदा मला हुंगवेना. तळवे उन्हात धरून नुसता बसलो. पार वाळले. तेवढ्यात बायको मागून सुपात ज्वारी घेऊन आली. माझ्या जवळून जाताना थांबली, नाक वर केलं, आणि घाईघाईनं आत गेली. परत बाहेर आली.

"चुलीवर तर काहीच नाही," ती म्हणाली. "मग दूध कुठं लागतंय?"

मी हात मागं घेतले. तिनं ते धरले, ओढून नाकाशी नेले, आणि माझ्याकडे बघायला लागली.

"तुमच्या हाताला त्याचा वास कावून येतोय?"